घरात आयफोनही, अँड्रॉइडही: खान्देशकरांनो, तुमचे अनुभव सांगा

आमच्या जळगावात आता एकाच घरात दोन्ही फोन असतात. व्हॉट्सॲपमुळे बोलणं अडत नाही, पण फोटो, व्हिडिओ आणि फोन बदलणं इथे अडतं. तुमचं काय अडलं, कसं सुटलं, सविस्तर लिहा.

रावेरहून
आमची केळी. पानावर करप्याचे बारीक ठिपके दिसले की पुतणीला फोटो पाठवतो, ती कृषीला शिकते. माझ्याकडे मुलाने दिलेला आयफोन, तिच्याकडे अँड्रॉइड. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो, ठिपके एकमेकांत मिसळतात. ती म्हणाली, "काका, डॉक्युमेंट म्हणून टाका." तसा टाकला तर फाइल हेइक (आयफोन फोटो ज्या प्रकारात साठवतो तो) निघाली, कॉलेजातल्या जुन्या संगणकावर उघडेना. मग तिने सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' करून दिलं. आता सगळीकडे उघडणारा जेपीजी जातो, पानाची शीर न् शीर दिसते. शेतकऱ्यांनी हे करूनच घ्यावं. फवारणी करायची की नाही, ते त्या फोटोवर ठरतं.

भुसावळहून
मुलगी अमेरिकेत, फोन अँड्रॉइड. तिकडे आयमेसेजचं, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या मेसेज-सेवेचं, फार प्रस्थ. नातीच्या शाळेतल्या आयांच्या गटात ही एकटीच बिनआयफोनची. हिच्यामुळे अख्खा गट एमएमएसवर (फोटो-व्हिडिओ पाठवायच्या जुन्या पद्धतीवर) यायचा, व्हिडिओ धूसर व्हायचे आणि इतरांना हिचे मेसेज हिरव्या रंगात दिसायचे. सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 सोबत आयफोनवर आरसीएस (दोन्ही फोनांत चालणारी नवी मेसेज-पद्धत) आलं, तेव्हापासून व्हिडिओ स्वच्छ येतात. रंग हिरवाच आहे. परक्या मुलखात ओळखी जोडू पाहणाऱ्या पोरीला फोनवरून वेगळं पाडावं, याचा मला आजही राग येतो.

अमळनेरहून
लग्नातल्या हळदीचे व्हिडिओ पुण्याची भावंडं एअरड्रॉपने (जवळच्या ॲपल फोनांत थेट फाइल पाठवायच्या सोयीने) आपसात घेतात, आम्ही गूगल ड्राइव्हची लिंक मागतो. नोव्हेंबर 2025 मध्ये गूगलच्या पिक्सेल 10 फोनवरचं क्विक शेअर, म्हणजे अँड्रॉइडची तशीच सोय, एअरड्रॉपशी जोडलं गेलं. हे साध्या, स्वस्त फोनवर यायला हवं, गावात तेच आहेत.

शिरपूरहून
आयफोन सोडून अँड्रॉइड घेणाऱ्यांसाठी: सिम काढण्याआधी आयमेसेज बंद करा. नंबर तिथे नोंदलेला राहिला तर आयफोनवाल्यांचे मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. फोन आधीच विकला असेल तरी ॲपलच्या साइटवर नंबर काढता येतो, ती सोय 2014 पासून आहे. भावाला मी आधी हेच करायला लावलं, मगच फोन गिऱ्हाइकाच्या हातात दिला.