वाढदिवसाची आगळी भेट : तुमचे अनुभव लिहा

भाचे-पुतणे, नातवंडं, मावसभावंडं यांच्या वाढदिवसाला रिमोटची गाडी आणि रंगपेटी यांपलीकडचं काही दिलंय का? भेट वेगळी हवी, पण ती बघून पोराच्या आईच्या पोटात गोळा यायला नको. विकतची, घरी केलेली, वस्तू नसलेलीसुद्धा चालेल. मुलाचं वय आणि नवलाई ओसरल्यावर त्या भेटीचं काय झालं, एवढं मात्र नक्की लिहा.

सुरुवात मीच करते. भाची पाच वर्षांची झाली तेव्हा सुताराकडून तिच्या हाताला बेतेल असं पोळपाट-लाटणं करून घेतलं. कडा घासून गोल केल्या, रंग-पॉलिश काही नाही, नुसतं खोबरेल तेल चोळलं. खोटं खोटं लाटायचा कंटाळा येतो, खरी पोळी मात्र बाबांना खावी लागते! ती अजूनही लाटते. तवा आणि गॅस अर्थात मोठ्यांकडे.

वॉर्डातली_ताई
मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून आधी थोडी भीती घालते. बटणासारखा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला की लाळेमुळे त्यातून प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते घेऊच नका. उघडल्यावर गाणं म्हणणारं शुभेच्छापत्र कोणाच्या ध्यानातच येत नाही, पण त्यातही तोच सेल असतो.

दुसरे ते छोटे ताकदवान लोहचुंबक. एकापेक्षा जास्त गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून धरतात आणि भोक पाडतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सोपी चाचणी : टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती त्याच्यासाठी नाही.

मी स्वतः काय देते? बॅटरी. म्हणजे टॉर्च. डोक्याला बांधायची, झाकणाला स्क्रू असलेली. पुतण्याला सातव्या वर्षी दिली, तेव्हापासून दिवे गेले की घरचा कारभार त्याच्याकडे असतो.

बांद्याचो_झील
आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर, सावंतवाडी. चितार आळीतली लाकडी फळं आणि भातुकली सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुतणीला दहाव्या वर्षी गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ, दिली. राजवाड्यात कारागीर बसून रंगवतात, तिथूनच घेतली.

दशावतारी गंजिफेत 120 गोल पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. हाताने रंगवलेली असल्यामुळे किंमत चांगलीच लागते, पण दर वर्षीच्या प्लॅस्टिकचा हिशेब घातलात तर तोंड बंद होईल. खेळ शिकायला मात्र वेळ लागतो. दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या, हे ऐकल्यावर पुतणी मुद्दाम दिवेलागणीला खेळायला बसायची, कारण कृष्णाचा राजा तिच्याकडे आला होता. पुढे तिने मत्स्य-कूर्माची चित्रं वहीत उतरवायला घेतली. आता पत्ते कमी खेळले जातात, चित्रं जास्त निघतात. माझी तक्रार नाही.

लहान भावंडं चघळतील, तेव्हा पेटी वरच्या फळीवर.

आटपाट
@बांद्याचो_झील, लाकडी खेळण्यांवर आयएसआयची खूण असते का? 1 जानेवारी 2021पासून सक्तीची आहे ना?

बांद्याचो_झील
14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आहे, बरोबर. पण हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट दिलीय. त्यामुळे तिथे खूण दिसली नाही तर दचकू नका, रंग कुठला वापरलाय ते कारागिराला विचारा. कारखान्यातल्या खेळण्याला मात्र खूण हवीच.

गुर्जी_नाशिक
फोल्डस्कोप! कागदाची घडी घालून करायचा सूक्ष्मदर्शक, मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेला. 140 पटीपर्यंत मोठं दिसतं, सेल लागत नाही, पडला तरी फुटत नाही. भाच्याला नवव्या वर्षी दिला. पहिल्या दिवशी त्याला काहीच दिसेना, कागद फेकून द्यायच्या बेतात होता. मग कांद्याचा पापुद्रा लावून दिला आणि विटा रचल्यागत पेशी दिसल्या. त्यानंतर घरातलं मीठ, मेलेला डास, आजोबांचा पांढरा केस, काही सुटलं नाही. काचपट्टीऐवजी कागदाची पट्टी आणि पारदर्शक चिकटपट्टी वापरा, म्हणजे काच लागायची भीती नाही. नऊच्या आत देऊ नका, भिंग फारच बारीक असतं.

डॅलसची_आत्या
भाचरांना इथे भारतातून बियाणं पाठवायचा विचार असेल तर थांबा. परवान्याशिवाय अमेरिकेत येत नाही, पाकीट अडकतं. मी इथल्याच दुकानातून मुळ्याचं बी आणि कुंडी घेऊन दिली. मुळा महिन्याभरात काढता येतो, सहा वर्षांच्या पोराचा धीर तेवढाच पुरतो. मुळा त्याने खाल्ला नाही, पण पाल्याची भाजी आवडली.

निळी_शाई
कोणी ‘ताऱ्याला मुलाचं नाव’ देणारं प्रमाणपत्र घेत असाल तर पैसे वाचवा. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही. आम्ही पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला भाचीला नेलं. 1944पासूनची संस्था आहे, माणसं हौशी आणि पोरांच्या प्रश्नांना न कंटाळणारी. नंतर तिला साधी दुर्बीण दिली. हात टेकवून धरली की गुरूचे चार चंद्र दिसतात. वय अकरा. सूर्याकडे ती कधीच रोखायची नाही, ही अट भेटीआधीच घातली आणि दिवसा दुर्बीण कपाटात कुलपात असते.

आटपाट
माझी भेट अगदी स्वस्तातली. टपाल खात्याच्या तिकीट संग्राहक विभागात पुतण्याच्या नावाने ठेव खातं उघडलं, किमान रक्कम दोनशे. नवी तिकिटं निघाली की त्याच्या नावाने पाकीट घरी येतं. आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या नावाचं टपाल कधी येतं सांगा? पोस्टमनकाका आता त्याला नावाने हाक मारतात, आणि पाकीट त्याच्याच हातात देतात, वहिनींच्या नाही. यावरून घरात थोडा वाद आहे.