कडक भाकरीचा व्यवसाय: संस्था काढावी, प्रायव्हेट लिमिटेड की आणखी काही?

प्रश्न (सांगोला)
नमस्कार. आमच्या तीन बचत गटांतील 32 महिला दोन वर्षांपासून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून सोलापूर व पुण्यातील दुकानदारांना देतात. मागणी वाढल्यामुळे आता नोंदणी करणे भाग आहे. गावातील जाणकार सांगतात की सेक्शन 8 कंपनी (सामाजिक कामासाठीची ना-नफा कंपनी) काढा, म्हणजे देणग्या आणि सीएसआरचा निधी (कंपन्या सामाजिक कामांवर खर्च करतात तो पैसा) मिळेल. पुण्यातील एका स्नेह्यांच्या मते प्रायव्हेट लिमिटेड काढून गुंतवणूकदार आणावा. नफा मिळवण्याला आमच्यापैकी कोणाचाच आक्षेप नाही, परंतु तो गावाबाहेर जाईल ही धास्ती आहे. आम्ही काय करावे?

उत्तर 1 (सनदी लेखापाल, सोलापूर)
सेक्शन 8 कंपनीला नफा कमावता येतो, पण तो सभासदांना लाभांश म्हणून वाटता येत नाही, हे आधी सर्व महिलांना नीट समजावून सांगा. करसवलत घेतल्यास साधारणपणे उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, त्यामुळे यंत्रासाठी किंवा वाईट हंगामासाठी गंगाजळी साठवणे जिकिरीचे होते. सीएसआरचे म्हणाल, तर 12ए (संस्थेला करसवलत) व 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव नसलेल्या स्वतंत्र संस्थेमार्फत कंपन्यांना तो निधी खर्च करता येत नाही. म्हणजे आज नोंदणी केली तरी उद्या पैसे येतील असे मानू नये.

उत्तर 2 (सातारा)
मी दहा वर्षे एका धर्मादाय न्यासाचे काम पाहिले आहे. आमच्या शिवणकेंद्राला देणगी होती तोवर कापड, शिक्षिकेचे मानधन, भाडे असे सारे सुरळीत चालले. मात्र कपडे कोण विकत घेणार हा प्रश्न आम्ही कधी नेटाने विचारलाच नाही, आणि देणगी थांबल्यावर चार महिन्यांत केंद्र बंद करावे लागले. त्या महिलांना काय सांगावे हे मला आजही सुचत नाही. ज्या कामाचे मोल लाभार्थी देऊच शकत नाही, उदाहरणार्थ कुपोषित बालकांची देखभाल, ते देणगीवरच चालले पाहिजे. तुमच्या भाकरीला मात्र पैसे देणारे गिऱ्हाईक आहे, मग देणगीदाराच्या मर्जीवर का राहायचे?

उत्तर 3 (पुणे)
नफा की ना-नफा यापेक्षा मालकी कोणाची हा प्रश्न मला मोठा वाटतो. लिज्जत पापडाची सुरुवात 1959 साली गिरगावात सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन केली आणि 1966 साली तिची संस्था म्हणून नोंदणी झाली. तेथे काम करणाऱ्या भगिनीच मालक असतात. उलट गरीब महिलांना छोटी कर्जे देणारी एसकेएस मायक्रोफायनान्स ही ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली, पुढे वित्त कंपनी बनली आणि 2010 साली तिने शेअर बाजारात भागविक्री (शेअरविक्री) केली. त्याच वर्षी कर्जवसुलीच्या तक्रारींमुळे आंध्र प्रदेश सरकारने साऱ्या सूक्ष्म वित्त क्षेत्रावर कडक अध्यादेश काढला. भागधारकांना हवी असलेली वाढ आणि कर्जदार महिलेचे हित यांचा मेळ आपोआप बसत नाही, हे तेव्हा दिसले.

तुम्हाला मी उत्पादक कंपनी, म्हणजे उत्पादकच जिचे सभासद असतात अशी कंपनी, सुचवीन. ती केवळ शेतकऱ्यांसाठी असते असा समज आहे, परंतु कायद्यातील व्याख्येत कुटीरोद्योगही येतात. किमान दहा उत्पादक लागतात, भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते, आणि शिल्लक नफा व्यवहारातील सहभागाच्या प्रमाणात बोनस म्हणून देता येतो. म्हणजे जिच्या भाकरी जास्त, तिला वाटा जास्त. बाहेरच्या गुंतवणूकदाराला भाग घेता येत नाही, त्यामुळे भांडवल हळूहळू उभे राहील, ही त्याची खरी किंमत आहे.

प्रश्नकर्ती (सांगोला)
सर्वांचे मनापासून आभार. आमच्यातील सहा वृद्ध महिलांना भागाची रक्कम एकदम भरणे शक्य नाही. त्या बाहेर राहिल्या तर हे सगळे कशासाठी, असे वाटते.

उत्तर 1 (सनदी लेखापाल, सोलापूर)
भागाची दर्शनी किंमत 10 रुपयेही ठेवता येते. सुरुवातीला प्रत्येकीने थोडेच भाग घ्यावेत, पुढचे भाग नंतर बोनसच्या रकमेतून घेता येतील. कोणी किती भाग घेतले याची नोंद पहिल्या दिवसापासून सभासद नोंदवहीत ठेवा, आणि नियमावलीचा मसुदा नोंदणीपूर्वी सर्व 32 जणींसमोर मोठ्याने वाचून दाखवा.