मदत हवी आहे: सुमात्रातलं बेरास्तागी, गरम पाण्याची कुंडं आणि आईंचे गुडघे

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. जूनच्या शेवटी आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई (मी आईच म्हणते), उत्तर सुमात्रातल्या बेरास्तागीला चार रात्री राहायचं म्हणतोय. बाली सुचवून झालंय सगळ्यांचं, कृपया पुन्हा नको.

नवऱ्याला ज्वालामुखीवर चढायचंय, सिबायाकवर. आईंना कुंडं हवीत. लग्न झाल्या झाल्या त्या वज्रेश्वरीला गेल्या होत्या, तेव्हापासून प्रत्येक थंडीत गुडघे कुरकुरले की "कुंडात पाय सोडून बसायला हवं" हे ठरलेलं वाक्य. आणि मला हवंय स्वस्त. तिन्ही एका गावात मिळतंय म्हणून हे गाव.

ठरलंय ते एवढं: अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तिथून क्वालालंपूरमार्गे मेदान. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही, फक्त आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. इंडोनेशियाचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, माणशी 5 लाख रुपिया. "तिघांचे 15 लाख" असं नवऱ्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं, तर आई म्हणाल्या, मग घरीच बादलीत पाय घालून बसते! आपले साधारण 8 हजार होतात म्हटल्यावर शांत झाल्या.

विमान आणि व्हिसा सोडून रोज माणशी 2 हजार रुपयांत भागवायचंय. आता अडतंय ते:

गावात राहावं की सरळ कुंडांपाशी? कुंडं सेमांगात गुनुंग नावाच्या वस्तीत, सिबायाकच्या पायथ्याला आहेत म्हणे. आईंना रोज ये-जा नको, पण तिथे संध्याकाळी सात नंतर काही खायला मिळतं का?

मेदानहून बसने जावं का? अंतर पासष्टेक किलोमीटरच आहे, पण घाट आहे आणि आईंना गाडी लागते.

आई शाकाहारी आहेत. अंडंही नाही. नुसत्या भातावर चार दिवस काढायला लावले तर मला पुढची चार वर्षं ऐकावं लागेल.

आणि शेजारचा सिनाबुंग ज्वालामुखी. तो चारेकशे वर्षं गप्प होता, 2010 मध्ये जागा झाला आणि पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला, पायथ्याची गावं उठवावी लागली. हे मी आईंना सांगितलेलं नाही. सांगावं का?

प्रतिसाद

ताई, वडोदऱ्याहून. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो, म्हणून जरा सविस्तर.

शनिवार-रविवार टाळा, बाकी सगळं नंतर. अख्खं मेदान सुट्टीला वर येतं. घाटात गाड्या तुंबतात आणि खोल्यांचे भावही चढतात. सोमवारी पोचा, शुक्रवारी सकाळी निघा. बस अगदी स्वस्त आहे, पण खचाखच भरते आणि चालक वळणावरही गाडी आवरत नाही. गाडी लागणाऱ्या माणसाला त्यात बसवू नका. जाताना तिघांत टॅक्सी करा, येताना उतारावर बस चालेल. पैसे वाचवायचे ते खोलीत वाचवा, आईंच्या पोटाशी खेळून नको.

राहायचं गावात. बेरास्तागी 1,300 मीटरवर आहे, रात्री स्वेटर लागतो. कुंडांकडे जायला आंगकोत मिळते, म्हणजे आपली शेअरिंगवाली मॅजिक व्हॅन समजा. कुंडं वज्रेश्वरीसारखी देवळाजवळची नाहीत. सिमेंटचे हौद आहेत, कमीजास्त गरम, वेगवेगळ्या मालकांचे. तिघांची तिकिटं तुमच्या इंदूरच्या सराफ्यातल्या एका रात्रीच्या खाण्यापेक्षा कमीत होतील. दुपारी नका जाऊ. संध्याकाळी गार वारा सुटला की त्या पाण्याची खरी किंमत कळते. अंगभर कपड्यांत उतरणाऱ्या बायका भरपूर असतात, आईंना अवघडल्यासारखं होणार नाही. बीपीची गोळी चालू असेल तर दहा मिनिटं बसायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं.

पाणी गंधकाचं आहे. चांदीचं काही अंगावर असेल तर आधी काढून ठेवा, काळं पडतं. माझ्या आईचे पैंजण असे झाले की जणू लोखंडाचे.

खाण्याचं: तिथले करो लोक बहुतेक ख्रिस्ती, त्यामुळे पाटीवर "बीपीके" दिसलं की ते डुकराच्या मांसाचं हॉटेल समजायचं. तोफू आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) कुठेही मिळतं, पण चटणीत तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. "तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी" हे कागदावर लिहून न्या. मांस नको, मासे नको, तेरासी नको. फळबाजारात मार्किसा नावाचं आंबटगोड फळ मिळतं, आईंना आवडेल. घाटात मक्याची कणसं भाजून देतात. आणि मेदानच्या काम्पुंग मद्रास भागात तामीळ वस्ती आहे, मारिअम्मन देवीचं देऊळ आहे, तिथे डोसा मिळून जातो. येतानाचं जेवण तिथेच ठेवा.

सिबायाक नवऱ्याला एकट्याला पाठवू नका. धुकं उतरलं की वाट सापडत नाही, लोक हरवलेत तिथे. वाटाड्या घ्या, त्यात घासाघीस नको.

प्रतिसाद

सिनाबुंगबद्दल: निघायच्या आदल्या दिवशी इंडोनेशिया सरकारचं माग्मा नावाचं अॅप बघा. त्यात धोक्याच्या चार चढत्या पायऱ्या असतात: नॉर्माल, वास्पादा, सियागा, आवास. पहिल्या दोन असतील तर गावात फिरायला हरकत नाही, मात्र डोंगराभोवतीच्या बंद पट्ट्यात शिरायचं नाही.

जमलं तर एक दिवस सिपिसो-पिसो धबधबा बघा, 120 मीटरची धार आहे आणि वरून टोबा सरोवर दिसतं. हा टोबा मुळात ज्वालामुखीच, 74 हजार वर्षांपूर्वी फुटला तेव्हा त्याची राख आपल्या मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यापर्यंत आली. थर अजून दिसतात. म्हणजे तुम्ही फक्त परतभेटीला चाललाय.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सोमवार ते शुक्रवार नक्की केलं, टॅक्सीही. वाटाड्याचे पैसे नवऱ्याच्या खिशातून.

सिनाबुंगचं आणि टोबाच्या राखेचं आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्यापर्यंत राख पाठवू शकतो तर इंदुरात बसून तरी काय उपयोग?" कणसाचं ऐकून मात्र भुट्ट्याचा कीस तिथे कसा करता येईल याची चर्चा सुरू झाली आहे, किसणी बॅगेत घातली जाईल अशी चिन्हं आहेत.

फक्त जोडवी काढणार नाही म्हणतात. चाळीस वर्षांत काढलेली नाहीत. बोटांना प्लास्टिक गुंडाळून कुंडात उतरलेलं कुणी पाहिलंय का? चिकटपट्टी गरम पाण्यात टिकते का?