मदत हवी आहे: गावचा फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) क्लब सावरायचाय

मंडळी, आम्ही ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या एका छोट्या गावात राहतो. मुलाला ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटी वर्गाला) सोडता सोडता मी फूटी क्लबचा खजिनदार कधी झालो, कळलंच नाही! गेल्या मोसमात सीनियर संघ एकही सामना जिंकला नाही. रिझर्व्हसाठी (दुसऱ्या संघासाठी) शनिवारी सकाळी फोन करकरून 18 डोकी जमवायची. एकदा तर कॅन्टीनमध्ये मीट-पाय गरम करणारा गडीच जर्सी चढवून मैदानात उतरला.

जुनी मंडळी म्हणतात, पैसे टाका, शहरातून खेळाडू आणा. पण इथे प्रत्येक खेळाडूला पॉइंट्स ठरलेले असतात, आणि संघाच्या एकूण पॉइंट्सवर व मानधनावर मर्यादा आहे, शिवाय तिजोरीत खडखडाट. आम्ही ज्युनियर आणि क्लबच्याच नेटबॉल संघांवर भर द्यायचं ठरवलं, तर दूध आणायला गेलं तरी ऐकवतात, "क्लब बुडवलात." (बोलणारे कामाच्या दिवशी फिरकत नाहीत, ते सोडा.)

इथे कुणी अशा कमिटीवर आहे का? भर सभेत टीका झाली तर काय बोलता? आणि आपल्या, पंजाबी, फिलिपिनो घरांतली पोरं कशी आणलीत? उन्हाळ्यात क्रिकेटला सगळी येतात, पण हिवाळ्यात फूटीतलं टॅकल (धरून खाली पाडणं) बघून आयाच नको म्हणतात. सभा पुढच्या रविवारी आहे.