सचिवाला सूचना, ॲडमिनला तपशील

एकांनी सुचवलंय की प्रोग्रॅममध्ये एरर आली की तिचा सगळा तपशील स्क्रीनवरच दाखवावा, म्हणजे वापरणारा तो फोनवर ॲडमिनला, म्हणजे सिस्टीम सांभाळणाऱ्याला, वाचून सांगेल. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या करवीर तालुक्यातल्या दूध संस्थांचं उदाहरण घ्या. पहाटे किटल्या घेऊन रांग लागलेली, आणि संकलनाच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर येतं 'कॉम ३ ॲक्सेस डिनाइड' (कॉम ३ म्हणजे दुधातली फॅट मोजणारं मशीन जोडलेला पोर्ट). संस्थेच्या सचिवानं त्याचं करायचं काय? त्याला हवं ते असं: 'फॅट मशीनशी जोडणी तुटली आहे. आतापर्यंतच्या नोंदी सुरक्षित आहेत. आकडे हाताने भरून संकलन चालू ठेवा.' यातलं मधलं वाक्य सगळ्यांत मोलाचं, कारण दहा दिवसांचं बिल त्या नोंदींवर निघतं. आणि नेमकं तेच बहुतेक प्रोग्रॅममध्ये गाळलेलं असतं.

पोर्ट कोणत्या प्रोग्रॅमनं धरून ठेवलाय, एररचा मूळ कोड, सेकंदापर्यंतची वेळ हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः नोंदी लिहितो त्या फाइलमध्ये, जावं, कोल्हापुरात बसलेल्या ॲडमिनसाठी. सचिवाची सूचना आणि लॉगमधला तपशील जोडायला स्क्रीनवर एक छोटा नोंद क्रमांक पुरतो. तो फक्त अंकी ठेवा. फोनवर 'बी' आणि 'डी'चा घोळ फार होतो.

वेब एपीआयसाठी (इंटरनेटवरून प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती सोय) २०२३ चं आरएफसी ९४५७ हे इंटरनेट मानक हेच सांगतं: एररच्या उत्तरातल्या 'डिटेल' या रकान्यात डीबगिंगची (प्रोग्रॅममधली चूक शोधण्याची) माहिती नको, समोरच्याला अडचण दूर करता येईल असं लिहा, त्या विशिष्ट घटनेची ओळख 'इन्स्टन्स' या रकान्यात द्या. शिवाय स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठून कुठून आली त्याची यादी) उघडा दाखवला की डेटाबेसमधल्या टेबलांची नावं आणि फाइलींचे मार्ग हल्लेखोरालाही आयते मिळतात.