दोनशे सेलचा कॅट बनवून घेतोय, चुकतोय का?

टर्बोबाधित, पुणे

गाडी २०१६ ची, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, ९४ हजार किमी झालेत. दोन महिन्यांपासून चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तर पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धुरातले विषारी वायू निवळणारा डबा) पुरेसं काम करत नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल. आकडा ऐकून मी समोरचा चहा अर्धा टाकून उठलो.

मग भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याचं म्हणणं: जुना कॅट कापून टाकू, २०० सेलचा (आतल्या जाळीला दर चौरस इंचात २०० भोकं) मेटलचा हाय-फ्लो, म्हणजे धूर मोकळा जाऊ देणारा कॅट बसवू, अडीच इंची पाइप, ३०४ स्टेनलेस, टिग वेल्डिंग. खर्च निम्म्याहून कमी. "पिकअप सुधारेल, आवाजही भारी येईल." कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला एक छोटी नळी लावून देईन म्हणतो, म्हणजे दिवा परत लागणार नाही.

कॅटमधली जाळी फोडून रिकामा डबा मिरवणारे अनेक जण मी रोज रस्त्यावर बघतो. मी तसलं काही करत नाहीये. कॅट लावतोच आहे, फक्त जरा मोकळा. तरी ऑफिसातल्या एका मित्राने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मुळा-मुठेत रसायनं सोडतोय. यात एवढं गैर काय आहे, ते कुणीतरी नीट सांगा.

उद्यमनगरी, कोल्हापूर

काही गैर नाही भावा. मी हेच काम करतो, म्हणून बोलतोय. गाडी जुनी झाली की ओरिजिनल पार्टची किंमत आणि गाडीची किंमत यांचा मेळ बसत नाही. मग गिऱ्हाईक काय करतंय? छन्नी घालून जाळी फोडून घेतंय, पाचशे रुपयांत काम. त्याच्यापेक्षा तू निम्मे पैसे घालून खरा कॅट बसवतोयस, ते चांगलंच की.

फक्त काम कुणाकडनं करून घेतोस ते बघ. आतनं आर्गॉन सोडून वेल्ड केलं नाही तर ३०४ ची शिवण आतल्या बाजूनं काळी पडून फुलते, साखरेसारखे खडे होतात. ते तुटून उडाले की थेट जाळीवर. आणि पाइपला जाळीशी जोडणारा कोन (नरसाळं) आखूड घेऊ देऊ नकोस. पाइप अडीच इंची, जाळी चार इंची, आणि मधला कोन दीड इंचात उरकला की वायू पसरायला जागाच मिळत नाही. सगळा धूर मधल्या भागातनं जातोय आणि कडेची जाळी कोरीच्या कोरी. असले कॅट कापून बघितलेत मी. मध्ये राखाडी, कडेला नवाकोरा. पैसे चार इंचाचे दिले, काम दोन इंचाचं.

लॅम्डा_एक, पुणे

वेल्डिंगबद्दल उद्यमनगरींशी सहमत. बाकीच्या बाबतीत नाही. उत्सर्जन चाचणीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी ती "छोटी नळी". कॅटच्या आत सीरियमचं ऑक्साइड असतं, ते ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. म्हणून कॅट धडधाकट असला की मागच्या सेन्सरचा सिग्नल शांत राहतो. कॅट म्हातारा झाला की साठवण संपते, मागचा सेन्सर पुढच्यासारखा नाचायला लागतो, आणि संगणक पी०४२० लिहितो. नळी लावून सेन्सर प्रवाहाच्या बाहेर ओढणं म्हणजे तापाच्या रोग्याच्या काखेतला थर्मामीटर काढून उशीखाली ठेवणं. चांगल्या कॅटला त्या नळीची गरजच नाही. फॅब्रिकेटर पहिल्याच दिवशी नळी सुचवतोय, याचा अर्थ आपण बसवतोय ते चालणार नाही हे त्याला ठाऊक आहे.

दुसरं, सेलचा हिशोब. ४०० सेल म्हणजे एका चौरस इंचात ४०० भोकं, दोन भिंतींच्या मध्यांमधलं अंतर १.२७ मिमी. २०० सेलला तेच अंतर १.८ मिमी. अडथळा जवळपास निम्मा होतो, हे खरं. पण वायूला स्पर्श करणारा पृष्ठभागही साधारण ३० टक्क्यांनी घटतो, आणि सगळी रसायनक्रिया त्या पृष्ठभागावरच होते. तो भरून काढायला जाळी तेवढी लांब घ्यावी लागते, मग अडथळा पुन्हा वाढतो.

यातून सुटायचा खरा मार्ग सेल कमी करणं हा नाहीच. सिरॅमिकची नेहमीची भिंत ०.१६ मिमीच्या आसपास, मेटलच्या पत्र्याची ०.०५. त्यामुळे ४०० सेल तेवढेच ठेवूनही सिरॅमिकमध्ये समोरून ७५ टक्के जागा मोकळी मिळते, तर मेटलमध्ये ९० टक्क्यांच्या वर. मग दोनशेच्या मागे लागायचं कशाला? कारण दोनशेचा माल स्वस्त पडतो आणि आवाज जास्त येतो.

तिसरं, डब्यावर "२०० सेल" लिहिलेलं असतं. आत खरं काम करणारे मौल्यवान धातू, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम किती, ते लिहिलेलं नसतं. ते डोळ्यांनी दिसत नाही आणि वजनात कळत नाही. तुमचा जुना कॅट फॅब्रिकेटर "फुकटात टाकून देतो" म्हणाला असेल तर तो आधी ताब्यात घ्या. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २५ हजार डॉलरच्या पुढे गेला होता. भंगारवाले उगाच कॅट विचारत फिरत नाहीत.

टर्बोबाधित, पुणे

"टाकून देतो" असंच म्हणाला होता.

बी-विंग, ठाणे

मला सेल कळत नाहीत. आमच्या बेसमेंटमध्ये रोज सकाळी सात चाळीसला एक असलीच "मोकळी" गाडी सुरू होते. तिच्या बाजूला उभं राहून मी मुलाला स्कूटरवर बसवते. वास डोळ्यांत जातो. मालकाला विचारलं तर म्हणतो, पीयूसी आहे माझ्याकडे. असेल. पण मी वास घेते तो गाडी गार असताना, आणि पीयूसीवाल्याकडे तो गाडी तापवून जातो. मग ते सर्टिफिकेट नक्की कुणासाठी आहे?

लॅम्डा_एक, पुणे

बी-विंग, नेमकं बोललात. कॅट २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. सुरुवातीच्या त्या मिनिटभरात जे बाहेर पडतं तेच सगळ्यात वाईट. म्हणूनच अशा गाड्यांमध्ये कंपनीने कॅट टर्बोला अगदी चिकटवून दिलेला असतो, लवकर तापावा म्हणून. फॅब्रिकेटरला तिथे हात घालायला जागा नसते, म्हणून तो कॅट मागे, गाडीच्या पोटाखाली सरकवतो. तिथे तो उशिरा तापतो. घर ते ऑफिस तीन किमी असेल तर काही दिवस तो नीट तापतही नसेल.

पीयूसीबद्दल: बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. कॅटमधलं ऱ्होडियम मुख्यतः त्यासाठीच असतं. म्हणजे ऱ्होडियमवर हात मारलेला कॅट पीयूसीतून हसत हसत बाहेर येतो.

उद्यमनगरी, कोल्हापूर

साहेब, तुमचं सगळं पुस्तकात बरोबर आहे. पण तुम्ही तुलना कशाशी करताय? नव्या कंपनी कॅटशी. माझं गिऱ्हाईक नवा कंपनी कॅट घेणारच नाही. त्याच्यापुढं दोनच वाटा आहेत, मेलेला कॅट नाहीतर माझा कॅट. मेलेल्यापेक्षा माझा बरा का वाईट, तेवढं सांगा.

आणि सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी नळी लावत नाही. मागितली तरी लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. मेटलची जाळी वापरतो, कारण ती स्वतःच्या पत्र्यात ब्रेझ होऊन येते. सिरॅमिक कॅनिंग करायचं म्हणजे भोवती चटई गुंडाळून नेमकी दाबून बसवायला लागते. सैल बसली की खडखड, घट्ट बसली की जाळीला तडा. वर लोक डबा ३०४ चा करतात. १०० मिमीचा डबा ६०० अंशांनी तापला की मिलिमीटरभर फुगतो, आतलं सिरॅमिक फुगतच नाही म्हणायचं. चटई सैल पडली की संपलं. कंपनीवाले ४०९ (कमी फुगणारं स्टेनलेस) वापरतात ते उगीच नाही. ते चमकत नाही, गंजल्यासारखं दिसतं, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतंय. फोटो काढायला ३०४ पाहिजे सगळ्यांना.

जुना_चालक, दादर

थोडं अवांतर. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल आलं. मी त्यानंतर वर्षभरात गाडी घेतली. कोकणात जायचं तर वाटेत ते पेट्रोल मिळेल याची खात्री नसायची. एकदा चिपळूणच्या पुढे काटा खाली टेकला, तेव्हा मिळालं ते शिशाचं भरलं. एकदाच, असं मनाला सांगितलं. तसं तीन वेळा झालं. शिसं जाळीवर बसलं की ती कायमची गेली, पण मला ते कित्येक वर्षं कळलंच नाही, कारण तेव्हा पिवळा दिवा नव्हता. गाडी पळत होती, मी खूश होतो. देशभर शिसं बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये.

तुमच्या गाडीला दिवा आहे. तो बंद करायला पैसे देऊ नका.

श्टुटगार्टकर

इथे २०० सेलचे "स्पोर्ट कॅट" राजरोस विकले जातात. फरक एवढाच की त्यातल्या मान्यताप्राप्त कॅटवर ईसीई आर१०३ चा शिक्का असतो, म्हणजे बदली कॅट म्हणून तो त्या विशिष्ट गाडीवर तपासलेला असतो. शिक्का नसलेला बसवला तर दर दोन वर्षांच्या तपासणीत गाडी लटकते. त्यामुळे "हाय-फ्लो म्हणजे पाप" हेही खरं नाही आणि "कॅट आहे ना, मग झालं" हेही नाही. त्या गाडीवर कुणी मोजलंय का, एवढंच बघतात. भोसरीतला माणूस मोजत नसेल तर त्याने काय बसवलंय ते त्यालाही माहीत नाही.

आणि पिकअपचं म्हणाल तर टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोचा दाब) किती द्यायचा ते संगणक ठरवतो. संगणकाचं सेटिंग तेच ठेवून कॅट मोकळा केला तर टर्बो जरा लवकर जागा होईल, बाकी बराचसा फरक कानांत.

उद्यमनगरी, कोल्हापूर

शिक्का द्यायला इथं छोट्या वर्कशॉपला कोण दारात उभं करतंय? तुमच्या पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ पासनं. तिथं एका गाडीच्या एका कॅटची टेस्ट करायला गेलो तर तो खर्च गिऱ्हाईकाच्या बिलात कसा घालू? मोजा म्हणणं सोपं आहे.

कलम_बावन्न, नागपूर

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. खराब झालेला भाग बदलणं वेगळं, वेगळ्या रचनेचा बसवणं वेगळं. त्याशिवाय कलम १९०(२): प्रदूषणाचं मानक मोडलं तर १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. रस्त्यावर तुमचा कॅट उघडून बघणारा हवालदार मला अजून भेटलेला नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारतो, तो मात्र भेटलाय.

टर्बोबाधित, पुणे

सगळ्यांचे आभार, शिव्यांसकट. काल लॅम्डा_एक यांना व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. अडीच हजार आरपीएमला १ पीएसआयच्या जरा वर. ३ च्या पुढे गेला असता तर तुंबलाय म्हणता आलं असतं. म्हणजे माझा कॅट तुंबलेला नाहीच. "मोकळा" करायला काही नव्हतंच.

त्याहून गंमत म्हणजे कॅटच्या मागच्या फ्लँजचं गॅस्केट जळालेलं निघालं, मागच्या सेन्सरच्या थोडंसं अलीकडे. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर सेन्सर उगाचच नाचणार. गॅस्केट बदललं, कोड पुसला. १४० किमी झाले, दिवा नाही. पण लॅम्डा_एक म्हणतात की अजून खात्री धरू नका, ९४ हजारांचा कॅट आहे, पुन्हा येऊ शकतो.

लॅम्डा_एक, पुणे

येईल असं माझं मत आहे. आला तर ४०० सेल, मेटल, मूळ जागीच. जमत नसेल तर कंपनीचाच घ्या. गाडीचं वय बघून परवडत नाही वाटलं तर गाडी विका, पण कॅट पोटाखाली सरकवू नका.

बी-विंग, ठाणे

विकलीत तर आमच्या बेसमेंटमध्ये नको.

उद्यमनगरी, कोल्हापूर

मूळ जागी ४०० बसतंय का ते मोजल्याशिवाय कुणी बोलू नये. टर्बोच्या फ्लँजपासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) किती जागा आहे आणि कोनाला किती उरते, तेवढं टेप लावून सांग. तीन इंचांच्या खाली असेल तर मी पण नको म्हणतो. जास्त असेल तर जुना कॅट घेऊन ये, कापून आत बघू, मग ठरवू. तुकडे तुलाच परत देतो.