पोरांच्या पहिल्या विमानाला रॅपियर इंजिन नको: तुमचं मत सांगा

वऱ्हाडीमास्तर (दर्यापूर तालुका)
आमच्या शाळेतली आठवी-नववीची पोरं शाळा सुटल्यावर कर्बल स्पेस प्रोग्रॅम या कॉम्प्युटर खेळात विमानं जोडतात. सगळी इंजिनं खुली असल्यामुळे प्रत्येक जण थेट रॅपियर (हवेत जेट, हवा संपली की रॉकेट होणारं इंजिन) उचलतो, आणि वर पंखांवर, पोटाखाली, जागा दिसेल तिथं एअर इन्टेक (इंजिनाला हवा पुरवणारं तोंड) चिकटवतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या विमानाला रॅपियर देऊ नये. व्हीझली किंवा पँथर हे साधं जेट इंजिन द्यावं आणि साधा गोल इन्टेक, बस.

कारण आकड्यांतच आहे. रनवेवर उभं असताना रॅपियरचा थ्रस्ट (ढकलण्याचा जोर) १०५ किलोन्यूटन, वजन २ टन. आफ्टरबर्नर (जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) लावलेलं पँथर १३० किलोन्यूटन देतं, वजन १.२ टन. म्हणजे उड्डाणाच्या वेळी पँथर हलकंही आणि जोरदारही. रॅपियरचा खरा जोर मॅक ३.७५ च्या (आवाजाच्या पावणेचार पट वेगाच्या) आसपास येतो. तिथवर पोचायच्या आधीच पोराचं विमान रनवेच्या टोकाला समुद्रात गेलेलं असतं.

व्हीझली १२० किलोन्यूटन देतं आणि तेवढ्याच थ्रस्टला रॅपियरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी इंधन पितं. आवाजाच्या वेगाच्या पुढे मात्र ते दम सोडतं. पोरांनी इंजिनावर राइट क्लिक करून थ्रस्टचा आकडा समोर उघडा ठेवावा आणि वेग वाढताना तो कसा बदलतो ते स्वतः पाहावं. असं का होतं, हा प्रश्न तिथूनच निघतो. मला तो प्रश्न निघायला हवा आहे.

मॅक_तीन
सर, पटलं नाही. पोट्ट्यांना अवकाशात जायचं आहे, गावाभोवती घिरट्या नाही घालायच्या. रॅपियर हवा संपली की स्वतःच रॉकेट होतं, निर्वातात १८० किलोन्यूटन देतं. एकच इंजिन, एकच बटण. पँथर लावलं तर कक्षेत जायला वेगळं रॉकेट इंजिन, त्याचं वेगळं वजन, वेगळा हिशोब. खेळातल्या छोट्या ग्रहाच्या कक्षेसाठी सेकंदाला साधारण २,३०० मीटर वेग लागतो. त्यातला अर्ध्याहून जास्त वेग रॅपियर हवा ओढतच मिळवून देतं, ऑक्सिडायझर (इंधन जाळायला रॉकेट सोबत नेतं तो प्राणवायू) न वापरता. ब्रिटनमध्ये सेबर या अशाच दुहेरी इंजिनाची कल्पना याच कारणासाठी पुढे आली होती. पोट्ट्याला पहिल्या आठवड्यात खेळातली पृथ्वी गोल दिसली पाहिजे. नाही दिसली तर तो परत येणार नाही.

कपाशीवाला
इंजिनावर भांडता आहात, पण खरा घोळ इन्टेकचा आहे. ढीगभर इन्टेक लावायची सवय जुन्या व्हर्जनमधली. तेव्हा जितके इन्टेक तितकं उंच जेट चालायचं. २०१५ मध्ये खेळाचं १.० व्हर्जन आलं आणि हिशोब बदलला. आता हवा विरळ झाली की इंजिनाचा थ्रस्ट आपोआप पडतो, इन्टेक कितीही लावा. जास्तीचे इन्टेक फक्त हवेचा अडथळा वाढवतात. एका शॉक कोनवर (शंकूच्या इन्टेकवर) दोन व्हिप्लॅश (जास्त वेगाची जेट इंजिनं) चालतात. दोन इंजिनांच्या विमानात हवा कमी पडली तर एक आधी बंद होतं, दुसरं चालूच राहतं आणि विमान भोवऱ्यासारखं फिरतं. पोट्ट्यांना वाटते पंख चुकला.

अजून एक. शाळेतले कॉम्प्युटर जुने असतात. भाग जास्त लावले की खेळ अडखळतो. काहून लावता मग?

तेजसप्रेमी (पुसद)
कपाशीवाले भाऊ, इन्टेक कमी लावा हे ठीक, पण कोणता लावायचा ते तुम्ही सोडूनच दिलं. खऱ्या विमानात गोष्ट तिथंच अडते. जेट इंजिनाच्या पात्यांना आवाजापेक्षा कमी वेगाची हवा लागते. विमान कितीही पळो, इन्टेकनं हवा आधी मंद करायची असते. साधं तोंड असलं की समोर एकच सरळ आघातलहर (दाबलेल्या हवेची भिंत) उभी राहते. मॅक १.५ ला हवेच्या एकूण दाबातला ९३ टक्के दाब त्यातून टिकतो, मॅक २ ला ७२, मॅक ३ ला जेमतेम ३३ टक्के. म्हणून मिग-२१ च्या नाकात पुढे-मागे सरकणारा शंकू, सुखोई-३० ला हलणारे रॅम्प (इन्टेकमधल्या तिरक्या पट्ट्या). आणि म्हणूनच तेजसला स्थिर इन्टेक पुरतात. त्याला मॅक ३ गाठायचाच नाही. एफ-१६ चंही तोंड स्थिर, ते मॅक २ पर्यंत जातं, कारण तिथवर होणारा तोटा त्यांनी साधेपणासाठी आणि वजन वाचवण्यासाठी स्वीकारला.

मास्तर, तुमचा गोल इन्टेक व्हीझलीसाठी बरोबर आहे. पँथरला तोच लावला तर मॅक २ च्या पुढे पोरांचा निष्कर्ष चुकेल. इंजिन कमजोर आहे असं ते लिहितील.

वऱ्हाडीमास्तर
तेजसप्रेमी, हे बरोबर. पँथरसाठी शॉक कोन किंवा रॅम्प इन्टेक देईन. आधी गोल लावून उडवायला सांगेन, मग बदलून, आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत.

मॅक_तीन, तुमच्याशी मात्र वाद आहे. पृथ्वी गोल दिसली पाहिजे, मान्य. पण दुसऱ्याचं रॅपियरचं विमान डाउनलोड करून ती दिसली तर पोराच्या हातात काय आलं? मी मे महिन्यात पोरांना सांगतो की १५ अंशांना हवेची जी घनता असते ती आपल्या ४५ अंशांच्या दुपारी नऊ-दहा टक्क्यांनी कमी होते, म्हणून नागपूरहून उडणाऱ्या विमानाला तेव्हा लांब धाव लागते. हे त्यांना लगेच कळतं, कारण ती दुपार त्यांनी अंगावर घेतलेली असते. इंजिन हवेवर जगतं हे एकदा कळलं की रॅपियर त्यांनी खुशाल घ्यावं.

मॅक_तीन
डाउनलोडचं मी बोललोच नाही, सर. पोट्ट्यानं स्वतः जोडावं, चार वेळा समुद्रात पाडावं. पडल्यावरच तो विचारते की वेग काहून पकडत नाही. तुमच्या पँथरच्या वहीतून जो प्रश्न निघते, तोच माझ्या समुद्रातून निघते. आणि करिअर मोड (भाग एकेक करून कमवायचा खेळाचा प्रकार) लावला तर हा वादच राहत नाही. तिथं जुनो, व्हीझली, पँथर, व्हिप्लॅश, रॅपियर असंच क्रमानं मिळते.

कपाशीवाला
करिअर मोडमध्ये पैसे आणि सायन्स गोळा करतानाच सुट्टी संपून जाईल. शाळेत वीज किती वेळ असते ते पाहून बोला. सरांनी सगळं खुलं ठेवून इंजिनाचं बंधन घातलं, ते मला योग्य वाटते.

तेजसप्रेमी (पुसद)
मास्तर, वहीत वेगासोबत उंचीचा रकाना नक्की ठेवा. एकाच उंचीवर मोजलं नाही तर गोल इन्टेक आणि शॉक कोनचा फरक दिसणार नाही, हवा विरळ झाल्याचाच फरक दिसेल. पाच हजार मीटर धरा आणि विमान सरळ ठेवा. आकडे आले की इथं टाका, मला पाहायचे आहेत.